किती दिवसांचा खर्च सांगू?

२०११-१२ या एका वर्षात भारतात गरीब किती होते? तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २१.९ टक्के. रंगराजन समितीच्या पद्धतीने २९.५ टक्के. जागतिक बँकेने दिवसाला १.९० डॉलरची रेषा लावली तेव्हा २१.२ टक्के. मग त्याच बँकेने तीच रेषा आणि तेच वर्ष ठेवून प्रश्नावली तेवढी दुसरी घेतली, तेव्हा १२.४ टक्के. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक माणसांत मोजला तर दहा कोटींच्या वर जातो. एवढी माणसे एखाद्या योजनेने वर आली नाहीत, की कोणी रेषा खाली ओढली म्हणूनही नाहीत. ‘गेल्या तीस दिवसांत तेल किती लागलं’ याऐवजी ‘गेल्या सात दिवसांत किती लागलं’ असे विचारले, आणि कपडे, चपला, शाळेची फी यांचा हिशेब महिन्याऐवजी वर्षाचा मागितला. तेवढ्याने ती कागदावर वर सरकली.

रेषा कुठे ओढावी यावर आपल्याकडे रणे माजली. शहरात दिवसाला ३२ रुपये खर्चणारा गरीब नव्हे, या नियोजन आयोगाच्या २०११ च्या प्रतिज्ञापत्रावर किती अग्रलेख पडले ते वाचकांना आठवत असेल. ज्या प्रश्नावलीतून ते रुपये बाहेर येतात ती मात्र फारसे कोणी उघडून पाहिली नाही. वास्तविक खरी मेख तिथे आहे. देशभरच्या घरांचा खर्च आणि उत्पन्न मोजायचे तर घर कशाला म्हणायचे, कोणाला विचारायचे, किती दिवसांचे विचारायचे, फुकट मिळालेल्या तांदळाचे काय करायचे, हे आधी कोणीतरी बसून ठरवलेले असते. त्या ठरवण्याचा हा आढावा.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा घरोघर फिरून केलेला अभ्यास १९१७ मध्ये छापून आला. आज तिथे आयटीवाल्यांचे टॉवर उभे आहेत. तेव्हा त्या गावातली किती कुटुंबे आपल्या जमिनीवर तग धरू शकतात, असा मान यांचा साधा सवाल होता. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिराज यांच्या त्या अहवालाने कामगाराच्या ताटातले धान्य तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याशी ताडून पाहिले आणि कैद्याचे पारडे जड निघाले. पण हे एका गावाचे, एका शहराचे काम. अख्ख्या देशाचे काम सुरू झाले ते १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीनंतर. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य. देशाचे उत्पन्न मांडायला बसल्यावर घराघरांत काय खपते याची माहितीच हाताशी नाही, असे समितीच्या लक्षात आले. ऑक्टोबर १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी निघाली ती या गरजेतून. पुढे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचे आपले प्रसिद्ध लिखाण केले ते याच पाहणीच्या आकड्यांवर. आणि पां. वा. सुखात्मे यांनी त्यांच्याशी जो वाद घातला, म्हणजे रोजच्या २,२५० कॅलरींची एकच फूटपट्टी सगळ्यांना लावता येते का, तोही याच आकड्यांच्या अर्थाचा वाद होता.

नमुन्याच्या आकाराबद्दल लोकांच्या मनात सर्वांत जास्त शंका असते आणि खरे तर तिथे सर्वांत कमी हवी. तीस कोटींच्या घरातली कुटुंबे आणि विचारता अडीच लाखांना? पण अंदाज किती नेमका येईल हे देश केवढा आहे यावर जवळपास अवलंबून नसते. नमुना किती मोठा आणि तो कसा उचलला यावर असते. भाताचे एक शीत चाचपून बघतात ते पातेले केवढे आहे हे बघून नव्हे. मात्र पातेले ढवळलेले हवे. आपला देश ढवळलेला नाही, ही अडचण. एका गावातली घरे एकमेकांसारखी असतात. एकाच गावात शंभर घरे विचारली तर माहिती शंभर घरांची मिळत नाही, कदाचित वीसच घरांची मिळते. म्हणून गावे जास्त घ्यायची आणि दर गावात घरे थोडी. पण दर नव्या गावामागे अन्वेषकाचा प्रवास, मुक्काम आणि घरयादीचे काम वाढते. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत ८,७२३ गावे आणि ६,११५ नागरी गट होते, दर ठिकाणी साधारण १८ घरे, एकूण २,६१,७४६ कुटुंबे. राष्ट्रीय आकड्यासाठी हे रग्गड आहे. जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे हवे असतील तर मात्र अपुरे पडेल. राज्याच्या सरासरीत मुंबई आणि गडचिरोली एका ओळीत बसतात आणि त्या ओळीचा गडचिरोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना काडीचा उपयोग होत नाही. जानेवारी २०२५ पासून नमुना पाहण्यांच्या आराखड्यात जिल्हा हाच मूळ स्तर धरायचे ठरले, हे उशिरा सुचलेले शहाणपण म्हणावे लागेल.

गावे निवडायची ती यादी २०११ च्या जनगणनेची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस जाहीर झाला आहे. तोवर वाघोली, हिंजवडी, बदलापूर, टिटवाळा ही ठिकाणे कागदावर पंधरा वर्षांपूर्वीच्या रूपात. शहरी गटांची यादी वेळोवेळी नवी केली जाते, शहरालगतच्या गावांसाठी २०२२-२३ मध्ये वेगळा स्तरही केला (जिल्ह्याच्या ठाण्यापासून पाच किलोमीटरच्या आतली गावे एका बाजूला), पण ही ठिगळेच. मुळात ‘ग्रामीण’ आणि ‘शहरी’ हा शिक्का जुना असेल, तर दोघांच्या सरासरीतले अंतर कमी झाले या बातमीचा काही भाग शिक्क्यामुळेही असू शकतो.

आता घर म्हणजे काय? पाहणीचे उत्तर सोपे आहे: सहसा एकत्र राहणारी आणि एकाच चुलीवर जेवणारी माणसे. सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर असलेला माणूस घरातच धरायचा. कागदावर नीटनेटके वाटते. बीडच्या एखाद्या तांड्यावर हेच लावून बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा कोयता सांगली-कोल्हापूरकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात ऊस तोडायला जातो आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-एक महिने, तिकडेच असतो. सहा महिन्यांच्या आत परत, म्हणून नियमाने हे कुटुंब बीडचे. अन्वेषक जानेवारीत तांड्यावर पोचला तर दाराला कुलूप, किंवा घरात आजी आणि शाळेत जाणारी दोन पोरे. तिकडे कारखान्याच्या तळावर पालात राहणारे तेच कुटुंब ‘तात्पुरते आलेले’, तिथल्या घरयादीत त्याचे नाव येण्याची खात्री नाही. नियम दोन्हीकडे बरोबर आणि माणूस दोन्हीकडून निसटलेला. कुलूप असलेल्या घराच्या जागी त्याच स्तरातले दुसरे घर घेतात. दुसरे घर म्हणजे जे गावात थांबले ते, आणि गावात थांबू शकणारे कुटुंब बहुधा गेलेल्यापेक्षा बऱ्या स्थितीतले. पाहणी वर्षभर पसरलेली असते, त्यामुळे पावसाळ्यात त्याच प्रकारची कुटुंबे घरी सापडतात, हे खरे. पण पावसाळ्यातला खर्च हा काही हंगामातला खर्च नव्हे.

खर्च विचारण्याच्या बाबतीत मात्र गुंता स्मरणाचा. अन्नाचा खर्च म्हणजे आणले किती असे पाहणीत विचारायचे नसते. खपले किती ते हवे असते. पाच लिटरचा तेलाचा डबा गेल्या महिन्यात आणला, अजून अर्धा आहे, मधे पाहुणे आले तेव्हा कोपऱ्यावरून दोन पिशव्या आणल्या, चकल्या तळल्या त्यातल्या निम्म्या लेकीकडे गेल्या. तर तीस दिवसांत या घराने तेल किती खाल्ले? समोरची बाई तोंडी हिशेब करते, अन्वेषक लिटरचे किलो करतो, आणि पुढच्या ओळीत शेंगदाणे असतात. अशा चारशे ओळी. ३५० वस्तूंची यादी वाचून दाखवली तर जेवढा खर्च आठवतो त्याहून ४०५ वस्तूंच्या यादीत जास्त आठवतो, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. २०११-१२ मध्ये ३४७ वस्तू होत्या, २०२२-२३ मध्ये ४०५ झाल्या. आणि यादी जितकी लांब तितकी शेवटच्या पानावरची उत्तरे आखूड.

महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा प्रश्न पहिल्यापासून दिसत होता. त्यांनी पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत प्रयोग केला: काही घरांना आठवड्याचे विचारले, काहींना महिन्याचे, आणि काहींकडे प्रत्यक्ष तराजू घेऊन वजन केले. आठवड्याच्या उत्तरातून खप फुगून येतो आणि महिन्याचे उत्तर वजनाच्या जवळ जाते, असे दिसल्यावरून तीस दिवस पक्के झाले आणि चाळीस वर्षे तसेच राहिले. दहा दिवसांपूर्वीची खरेदीही माणूस ‘आठवड्यात’ ओढून आणतो, महिन्याच्या सुरुवातीची विसरतो. दोन्ही चुका असतात, फक्त उलट दिशेच्या. बंगालमधला तो प्रयोग भाताचे पोते भरून ठेवणाऱ्या खेड्याचा होता. रोज पाव किलो टोमॅटो आणि वीस रुपयांचे वेफर्स घेणाऱ्या घराला तो लागू पडेलच असे नाही. म्हणून १९९४ ते १९९८ च्या फेऱ्यांत निम्म्या घरांना जुनी प्रश्नावली आणि निम्म्यांना नवी, असा रीतसर प्रयोग झाला. नव्या प्रश्नावलीत अन्नाचा खर्च बराच वाढून आला.

इथवर सगळे ठीक होते. मग आली १९९९-२००० ची पंचावन्नावी फेरी. दोन गट न करता एकाच घराला, एकाच पानावर, शेजारशेजारच्या रकान्यांत सात दिवसांचे आणि तीस दिवसांचे दोन्ही विचारले. माणूस सात दिवसांचे सांगतो, मग तीसचे सांगताना चारने गुणून थोडे वाढवतो. अन्वेषकही दोन्ही रकाने एकमेकांशी जुळतात ना ते बघतो. प्रयोगात जे आकडे एकमेकांपासून लांब होते ते इथे गळ्यात गळे घालून आले. सरकारी गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६.१ टक्क्यांवर उतरली आणि यातली खरी घट किती, रकान्यांची किती, हे सोडवायला अँगस डीटनसारख्या अर्थशास्त्रज्ञांना पुढची काही वर्षे घालवावी लागली. त्या वादावर ग्रंथ निघाला. एका पानाची मांडणी बदलण्याची ही किंमत.

२०११-१२ मध्ये ती चूक टाळली. त्याच गावांत घरांचे दोन वेगळे संच घेतले, प्रत्येकी एक लाखाच्या वर, आणि प्रत्येक संचाला वेगळी प्रश्नावली. सगळ्याला तीस दिवस लावले तर ग्रामीण भागातला दरडोई मासिक खर्च १,२७९ रुपये. भाजी, फळे, तेल, अंडी, मासे, मटण, मसाले, पान-तंबाखू यांना सात दिवस, धान्य-डाळी-इंधनाला तीस आणि कपडे, शिक्षण, दवाखान्यात भरती, टिकाऊ वस्तू यांना वर्ष लावले तर १,४३०. सुरुवातीला दिलेले २१.२ आणि १२.४ या दोन प्रश्नावल्यांतून आले. रंगराजन समितीने दुसरी घेतली, तेंडुलकर समितीने आणखी एक मधली. कोणती खरी? माझ्या मते नवी अधिक बरी, पण त्याहून मोलाचे हे की दोन्ही एकाच वेळी विचारल्या गेल्या, त्यामुळे जुन्या मालिकेवरून नव्या मालिकेवर यायला पूल मिळाला.

२०२२-२३ मध्ये असा पूल बांधला नाही. एका भेटीऐवजी तीन महिन्यांत तीन भेटी झाल्या: अन्न एका भेटीत, इतर खर्च आणि सेवा दुसऱ्या, टिकाऊ वस्तू तिसऱ्या. कागदाऐवजी टॅबलेट आला. यादी वाढली, स्तर बदलले. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे समर्थनीय आहे, आणि दोन-अडीच तास एका बाईला ओट्याजवळून उठवून बसवण्यापेक्षा तीन भेटी केव्हाही बऱ्या. पण सगळे एकदम बदलले आणि शेजारी जुन्या पद्धतीची थोडीशीही घरे ठेवली नाहीत. त्यामुळे २०११-१२ ची ग्रामीण १,४३० आणि २०२२-२३ ची ३,७७३ यांची तुलना करणारा प्रत्येक जण, मग तो सरकारचा प्रवक्ता असो वा टीकाकार, आपल्या जबाबदारीवर करतो. मधली २०१७-१८ ची पाहणी असती तर निदान एक दगड पायाखाली असता. त्या पाहणीत खर्च घटल्याचे वर्तमानपत्रात फुटले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने माहितीच्या दर्जाचे कारण देत निकाल रोखून धरले. दर्जा खरोखर वाईट असेलही. वाईट आहे हे दाखवायचे तर ती माहिती अभ्यासकांपुढे टाकणे हा उपाय होता.

फुकटच्या गोष्टींकडे वळू. जानेवारी २०२३ पासून रेशनचे धान्य मोफत झाले. खर्च म्हणजे खिशातून गेलेले पैसे असे धरले तर त्या घराचा तांदळावरचा खर्च एका रात्रीत कमी झाला, ताट मात्र तेच. पाहणीने दोन्ही आकडे दिले: २०२२-२३ मध्ये ग्रामीण ३,७७३, आणि फुकट मिळालेल्या धान्य, गणवेश, सायकल, टॅबलेट वगैरेंची किंमत धरून ३,८६०. सरकारी शाळा आणि सरकारी दवाखाना यांची किंमत त्यात नाही. ज्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्र चांगले चालते तिथे औषधपाण्याचा खर्च कमी दिसतो, ज्या गावात ते बंद असते तिथे खासगी डॉक्टरच्या बिलाने ‘राहणीमान’ उंचावलेले दिसते. खर्चाला राहणीमानाचे माप मानण्यातली ही वाकडी गोष्ट कुठल्याही आराखड्याने सरळ होणार नाही.

आणखी एक जुना नियम फार कमी लोकांना माहीत आहे. घरकामाला येणाऱ्या मावशींना मालकिणीने दुपारी पोळी-भाजी दिली, तर ती मालकिणीच्या घराच्या खपात लिहिली जायची, कारण शिजली त्या घरात. मावशींच्या घराच्या कागदावर त्या जेवणाचा पत्ताच नाही. परिणाम असा की वरच्या घरांत दरडोई कॅलरी जास्त दिसतात आणि खालच्या घरांत कमी. दांडेकर-रथांपासूनचा कॅलरीचा सगळा वाद वाचताना ही एक पोळी लक्षात ठेवलेली बरी.

खालची घरे निसटतात तशी वरचीही निसटतात, तिथे मात्र कुलपाऐवजी गेट असते. गृहनिर्माण संस्थेचा वॉचमन अन्वेषकाचे ओळखपत्र बघतो, सेक्रेटरीला फोन लावतो, सेक्रेटरी ‘मीटिंगमध्ये ठेवतो’ म्हणतो. आत शिरलेच तर चौदाव्या मजल्यावरून इंटरकॉमवर उत्तर येते की साहेब घरी नाहीत. २०२२-२३ मध्ये शहरी भागात यावर एक व्यवहारी तोडगा काढला: घरयादी करताना गाडी आहे का आणि दहा लाखांच्या वरची आहे का हे विचारून घरांचे तीन ढीग केले आणि प्रत्येक ढिगातून घरे उचलली. गावात हेच काम जमिनीने केले. श्रीमंतांची घरे जास्त घेतली तर सरासरी फुगेल, ही भीती इथे लागू नाही, कारण प्रत्येक घराला ते किती घरांचे प्रतिनिधित्व करते तेवढाच भारांक मिळतो. पण ज्याने दारच उघडले नाही त्याला कोणता भारांक द्यायचा? राष्ट्रीय लेख्यांमधून निघणारा खाजगी उपभोग आणि पाहणीतला खर्च यांत अंतर आहे आणि ते दशकानुदशके रुंदावत गेले. पाहणीत येणारा वाटा निम्म्याच्या आसपास उतरला. त्या अंतराला इतरही कारणे आहेत. स्वतःच्या घराचे मानीव भाडे आणि बँकांच्या सेवांचे मोल लेख्यांत धरतात, पाहणीत नाही. पूर्वी या अंतराइतका सरसकट गुणक लावून पाहणीचे आकडे वाढवीत. १९९३ च्या लकडावाला समितीने ते बंद केले. चौदाव्या मजल्यावरच्या न सापडलेल्या खर्चाचा हिस्सा तांड्यावरच्या घराच्या नावावर टाकण्याचाच तो प्रकार होता.

आणि उत्पन्न? उत्पन्नाबाबत नमुना पाहणीचा इतिहास माघारीचा आहे. १९५५ च्या नवव्या आणि १९५८-५९ च्या चौदाव्या फेरीत माहिती घेतली, १९६४-६५ आणि १९६९-७० च्या फेऱ्यांत प्रयोग केले. प्रत्येक वेळी उत्पन्न हे खर्च आणि बचत यांच्या बेरजेहून कमी भरले. काम पुढे नेले नाही. ऐंशीच्या दशकातल्या चाचणीनंतरही तेच. आता सांख्यिकी मंत्रालयाने २०२६ साठी पहिली राष्ट्रीय कुटुंब उत्पन्न पाहणी जाहीर केली, त्यासाठी सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. ऑगस्ट २०२५ मधल्या पूर्वचाचणीत ९५ टक्के लोकांना हे प्रश्न नाजूक वाटले. उरलेल्या पाच टक्क्यांना भेटायला आवडेल.

लोक उत्पन्न लपवतात हे खरे, पण अर्धेच खरे. आपल्याकडे प्रत्येक घराजवळ एक अधिकृत उत्पन्न असतेच, ते तहसीलच्या दाखल्यावर लिहिलेले. केशरी रेशनकार्डाला वर्षाला लाखाची मर्यादा, लाडकी बहीण योजनेला कुटुंबाची अडीच लाखांची, आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाला आठ लाखांची. टॅबलेट घेऊन आलेल्या सरकारी माणसाने उत्पन्न विचारले की दाखल्यावरचाच आकडा तोंडातून निघणार, आणि त्याला खोटारडेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. सरकारला सांगायचे उत्पन्न तेच, असे सरकारनेच शिकवले आहे. या मर्यादांच्या अलीकडे उत्तरांची गर्दी दिसेल. विश्लेषण करणाऱ्यांनी ती शोधायला हवी.

दुसरे अर्धे असे की पुष्कळांना आपले उत्पन्न खरोखर माहीत नसते. पगारदाराला पगारपत्रक आहे. ऊसतोड कामगाराला काय आहे? हंगामापूर्वी मुकादमाने दिलेली उचल, तळावर आठवड्याला मिळणारी खर्ची, वाढे विकून आलेले सुटे पैसे आणि हंगामाच्या शेवटी टनाचा हिशेब, ज्यात बहुतेकदा मुकादमाचे देणेच निघते. उचल कर्ज म्हणून लिहिली तर हंगामात राबूनही हातात रोख येत नाही, उत्पन्न जवळपास शून्य. उत्पन्न म्हणून लिहिली तर पावसाळ्यात तो एका महिन्यापुरता श्रीमंत. बरोबर उत्तर तोडलेल्या टनांना दराने गुणण्यात आहे, आणि ते सांगायला टन आणि दर विचारावे लागतात. उत्पन्न हा शब्दही काढायची गरज नाही.

शेतकऱ्याचेही तसेच. शेतकरी कुटुंबांच्या स्थितीची पाहणी जुलै २०१८ ते जून २०१९ या वर्षासाठी झाली, खरीप आणि रब्बीचे अर्धे अर्धे वर्ष धरून दोन भेटींत. सरासरी मासिक उत्पन्न निघाले १०,२१८ रुपये. पदरचे बियाणे, घरचे खत यांसारख्या न विकत घेतलेल्या गोष्टींची किंमत खर्चात धरली तेव्हा ८,३३७. दोन्ही छापले, हे उत्तम केले. शेतातून सरळ चुलीवर गेलेल्या ज्वारीला शेतावरचा भाव लावतात, दुकानातला नाही. दुधाचे बरे, डेअरीचे दहा दिवसांचे बिल असते, त्यातून पेंडीची कपात वाचता येते. माझे म्हणणे एवढेच, की उत्पन्नाची प्रश्नावली अशा कागदांवरून रचायला हवी: डेअरीचे बिल, कारखान्याची पट्टी, बाजार समितीची हिशोबपट्टी, रोजंदारीचे दिवस आणि दर, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी. ‘तुमचे वार्षिक एकूण उत्पन्न किती’ हा प्रश्न त्यात कुठेच नको. बेरीज कार्यालयाने करावी.

आणि प्रत्येक कमावत्याला स्वतःला विचारावे. लाडकी बहीणचे दीड हजार बाईच्या खात्यावर येतात, बचत गटाचे व्याज तिच्या वहीत असते, शिलाईचे पैसे डब्यात. घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारून हे भरणार नाही. कधी त्याला ठाऊक नसते, कधी तिला ते त्याच्यासमोर सांगायचे नसते. याला वेळ लागेल, स्त्री अन्वेषक जास्त लागतील, घरे कमी घ्यावी लागतील. घ्यावीत. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च आणि मेरिलँड विद्यापीठाने २००४-०५ मध्ये ४१,५५४ आणि २०११-१२ मध्ये ४२,१५२ कुटुंबांकडून उत्पन्नाची स्रोतवार माहिती घेतली. म्हणजे हे अशक्य नाही, आणि त्याला अडीच लाख घरेही लागली नाहीत. खर्चाचीही छोटी प्रश्नावली त्याच घरांत भरावी, म्हणजे उत्पन्न कुठे आणि किती कमी पडते हे घरागणिक दिसेल.

ते कमी पडेलच. जगभर पडते. शेतीत पीक बुडालेल्या वर्षी उत्पन्न उणे असते आणि घर तरीही जेवते. धंदेवाला गल्ल्यातून घरखर्चाला काढतो ते नफ्यातून वजा करूनच सांगतो. साठच्या दशकात उत्पन्न खर्च-बचतीच्या बेरजेहून कमी भरले म्हणून ते काम गुंडाळले. या वेळी पाहणीच्या अहवालात निदान दोन तक्ते पहिल्या पानांत छापावेत: कोणत्या स्तरात किती घरांनी नकार दिला वा कुलूप होते आणि त्यांच्या जागी किती घरे बदलून घेतली, आणि किती घरांत सांगितलेले उत्पन्न सांगितलेल्या खर्चापेक्षा कमी निघाले. दुसरा तक्ता पाहून मंत्रालयातले कोणीतरी बिचकेल आणि निकाल ‘दर्जा तपासणीसाठी’ थांबवावेत असे सुचवेल. तज्ज्ञ गटाने प्रसिद्धीची तारीख पाहणी सुरू होण्याआधीच जाहीर करून ठेवली, तर त्या सूचनेला जागा उरणार नाही.